उजवा स्पीकर

सर्जा,

तेरावा झाला, मांडव उतरला, तुझ्या गावाकडचे पाहुणे एसटीनं परत गेले आणि आज सकाळी मी दुकान उघडलं. उघडलं म्हणजे फळ्या काढल्या आणि आत जाऊन बसलो. दहाच्या सुमारास एक पांढरी फियाट दारात थांबली. शिरवळचा माणूस होता. गाडीत टेप नवा बसवलाय, पण एका बाजूचा स्पीकर खरखरतो म्हणाला. पुण्यात दोघांनी बघितला, कुणाला दोष सापडला नाही, म्हणून तुझं नाव विचारत विचारत मिरजेजवळ आपल्या विश्रामबागेपर्यंत आला होता. "कानवाले मिस्त्री कुठं आहेत?" त्यानं मला विचारलं. ते वारले, असं मी सांगितलं. तो गाडीला टेकला आणि म्हणाला, "तुम्ही बघता का?" मी नाही म्हटलं. गाडी तशीच खरखरत परत गेली.

मला बघता आलं असतं रे. पंधरा मिनिटांचं काम असेल. पण मागच्या काचेखालच्या फळीतला स्पीकर बघायचा म्हणजे मागच्या सीटवर बसायचं, आणि तिथं बसायची माझी छाती होत नाही. का होत नाही ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तुला सांगतो. तुझ्याशी बोलायची सवय चौदा दिवसांत कुठं सुटणार?

आधी लोक काय म्हणतात ते ऐक. तू पिऊन सायकल चालवत होतास असं म्हणतात. तू! फौजेतून आणलेली रमची बाटली गल्लीतल्या मास्तरांना देऊन टाकणारा, बिडीपलीकडं कशाला हात न लावणारा माणूस. ट्रकवाल्यानं पोलिसांना सांगितलं, "तीनदा हॉर्न दिला साहेब, पण माणूस सरळ आडवा आला. शुद्धीत नसणार." झालं. चहाच्या हॉटेलात तेवढं पुरलं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर तुझ्या भावकीतला एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "दुपारीच घेतली आसंल. न्हाईतर धडधाकट मानूस हॉर्न ऐकून मधी कशाला जाईल?" तुझा थोरला भाऊ, आण्णा, शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. तुझ्या मरणापेक्षा त्याला तुझी लाज जास्त जड झाली होती, हे मला तिथंच दिसलं. चौदा दिवस त्या माणसाच्या डोळ्याला पाणी नाही.

खरं कारण मला माहीत आहे. सांगितलं असतं तर तुझ्यावरचा डाग पुसला गेला असता. पण ते मला कधीपासून माहीत आहे, हेही मग सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसलो, सर्जा. तुझी राख करून आल्यावरही गप्प बसलो.

आपली सुरुवातच भांडणातून झाली, आठवतं? मी रेडिओचा कोर्स करून आलेला, खिशात मीटर, डोक्यात सगळी सूत्रं पाठ. तू फौजेच्या सिग्नल खात्यात पंधरा वर्षं काढून पेन्शनीत आलेला. पहिल्याच दिवशी एका टॅक्सीचा रेडिओ आला. मी मीटर लावून वाचत बसलो आणि तू टॉर्चचा सेल काढून त्याच्या दोन तारा स्पीकरला नुसत्या टेकवल्यास. खर्र झालं. तू म्हणालास, "स्पीकर जित्ता हाय. मढं वायरीत हाय." निघालंही वायरीतच. मी चिडून म्हटलं, माझ्या मीटरनंही तेच सांगितलं असतं. "सांगितलं आसतं रं, पर कवा? गाडी मोडीत गेल्यावर?" असं म्हणून तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच आवडलं नाही. आता त्यासाठी जीव टाकीन, पण तेव्हा नव्हतं आवडत.

कोयनानगरला गेलो होतो त्या दिवसाचे मात्र मी तुझे उपकार मानतो. धरणावरच्या एका साहेबांची अँबॅसिडर. रेडिओ घाटात खरखरतो, कॉलनीत आला की खरखर बंद. सगळे म्हणत, डोंगरात स्टेशन लागत नाही, त्याला कोण काय करणार? मीही तेच म्हटलं. तू मागं बसलास, डोळे मिटलेस आणि ड्रायव्हरला म्हणालास, "हाक." चार वळणं गेली, पाच गेली. मला मळमळायला लागलं होतं. तू मध्येच बोटानं मला टोचलंस. "स्टेशन जातंय ती खरखर येगळी, दिगू. ही येगळी. ही फकस्त डाव्या वळनाला येती." मला दोन्ही सारख्याच वाटत होत्या. गाडी थांबवून तू पुढची सीट उचललीस. ड्रायव्हर चांगला पोट सुटलेला माणूस होता. डाव्या वळणाला तो उजवीकडं कलायचा आणि सीटचा पाय खालून गेलेल्या स्पीकरच्या वायरीवर बसायचा. वायरीची साल निघून तार बॉडीला लागत होती. तू वायर चार बोटं बाजूला सरकवलीस, वर चिकटपट्टी गुंडाळलीस आणि ड्रायव्हरला म्हणालास, "वायर सरकवली, तुमी काय सरकत न्हाई." शेजारी बसलेले साहेब पोट धरून हसले. परतीच्या एसटीत मी तुला विचारलं होतं, असं ऐकायला कसं शिकलास? फौजेत हेडफोनमध्ये रात्रंदिवस कचरा ऐकला, त्यातून माणसाचा आवाज निवडायचा असतो, एवढंच तू सांगितलंस. त्या दिवसापासून तू म्हणशील ते मी ऐकायला लागलो. तुझ्या तोंडावर कबूल केलं नाही, ते आज करतो.

एक भांडण मात्र राहूनच गेलं. स्पीकरला एकच तार ओढायची आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं, ही तुझी जुनी खोड. "जीपमधी समदं बॉडीवरच चालतंय." मी म्हणायचो, अरे बाबा, ते जुन्या रेडिओला चालायचं. आता दोन स्पीकरचे टेप आलेत, त्यांना दोन्हीकडं दोन-दोन तारा ओढाव्या लागतात, पत्र्याला लावलं तर टेप जळतो. तू एक जाळलासही. तरी हट्ट सोडला नाहीस. मरायच्या आदल्या दिवशी सकाळी आपण यावरच भांडलो आणि तू रागानं पक्कड टेबलावर आपटलीस. मी त्या दिवशी दुपारी तुझ्याशी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. लांबवतोय, ते तुला कळलंच असेल.

हे दोन स्पीकरचे टेप आले आणि ऊसवाल्यांच्या गाड्यांची आपल्या दारात रांग लागली. त्याच वेळी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. तू प्रत्येक गाडीत मागच्या सीटवर बसायचास आणि म्हणायचास, "उजवा कमी बोलतोय." पहिल्या दोन-तीन वेळा मी मान डोलावली. वायर बदलली, स्पीकर बदलला. गिऱ्हाईक खूश होतं, मीही होतो. नंतर नंतर मला ते खटकायला लागलं. सगळ्या गाड्यांचा उजवाच कसा आजारी पडतो? मीटर दोन्ही बाजू सारख्या दाखवायचा. मी म्हटलं की तू भडकायचास. "मीटरला कान हाईत व्हय?"

मग गणपतीत ती निळी फियाट आली. मालक तासगावकडचा बागायतदार, सज्जन माणूस. आल्यापासून म्हणत होता की मला तर दोन्ही बाजू ठीक वाटतात, फक्त एकदा तपासून द्या. तू बसलास आणि म्हणालास, उजवा मेलेला हाय. तुझीच पद्धत होती ना, शंका आली की जागा बदलून बघायची? टेपच्या मागं डाव्याची तार उजव्याला लावायची, उजव्याची डाव्याला. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर टेप खराब, जागेवर राहिला तर स्पीकर नाहीतर वायर. ही पद्धत तू मला शिकवलीस आणि मी ती डोळे झाकून करायचो. मी तारा बदलल्या. "उजवाच," तू म्हणालास. मी स्पीकरांची अदलाबदल केली. "उजवाच." नवी वायर बाहेरून ओढली. "उजवाच." मालक घड्याळ बघायला लागला. माझा घाम निघत होता आणि मला तुझा राग आला होता.

त्या रागात मी म्हटलं, "सर्जा, आता उलटा बस. मागच्या काचेकडं तोंड कर, स्पीकरच्या जवळ जा आणि सांग." मला तेव्हाही काही सुचलं नव्हतं, देवाशपथ. जवळून ऐकलंस तर तुझं तुलाच कळेल की दोन्ही सारखे आहेत, एवढाच हेतू. तू सीटवर गुडघे टेकून उलटा झालास. मी पुढं बसून टेपचं बटण फिरवलं.

तू म्हणालास, "आता डावा मेला."

माझं तारा, स्पीकर, वायर, सगळं बदलून झालं होतं. आता फक्त तू फिरला होतास आणि दोष तुझ्याबरोबर फिरला होता.

खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो. पहिल्यांदा मला आनंद झाला. मीटर खरा ठरला! इतकी वर्षं माझी जिरवत होतास, आता माझी पाळी. तो आनंद एखाद्या क्षणाचा असेल. मग तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. भीती होती ती. तू विचारलंस, "दिगू, काय घावलं?" आणि मी म्हणालो, "वायर सैल होती. बसवली."

वायर सैल होती! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं ते.

तू खाली उतरलास, मालकाला म्हणालास, "झालं बघा," आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बिडी पेटवलीस. पुन्हा कधी "उजवा कमी बोलतोय" म्हणाला नाहीस. त्यानंतर तू स्पीकरच्या थरथरणाऱ्या कागदावर बोटं ठेवून तपासायला लागलास. गिऱ्हाइकांना ती तुझी नवी करामत वाटली. कुणी विचारलं तर म्हणायचास, "बोटाला जास्त कळतंय." मी खाली मान घालून तारांना कथलाचे डाग देत बसायचो.

का नाही बोललो? कारणं देऊ? दुकान तुझ्या कानावर चाललं होतं. लोक माझ्या मीटरसाठी शिरवळहून येत नव्हते. तुझा कान गेला हे फुटलं तर तू उभा राहणार नाहीस असं वाटलं. डॉक्टरकडं चल म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाला? मग मला त्या फियाटचं सांगावं लागलं असतं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरत नाही.

उलट मी तुला मदत केली. हॉटेलात तू भिंतीकडची खुर्ची धरायला लागलास, म्हणजे मी आपोआप तुझ्या डाव्या हाताला येईन. मी ते ओळखलं आणि दुकानातला माझा स्टूलही उचलून तुझ्या डावीकडं ठेवला. तू बघितलंस. मी बघितलं की तू बघितलंस. आणि तू मला म्हणालास, "ती तिकडची कथलाची तार दे रं." बस, एवढंच. तुला कळलं होतं ना सर्जा, की मला कळलंय? की स्टूल उजेडासाठी सरकवला असं वाटलं? हे आता मी कुणाला विचारू?

सात महिने गेले असे. मग तो दिवस. मिरजेहून स्पीकर आणायला तू सायकलवर गेलास. आदल्या दिवसाच्या भांडणामुळं मी जायचं नाव काढलं नाही, नाहीतर नेहमी मीच जातो. दुपारी चारची वेळ. उसाच्या गाड्यांनी रस्ता नुसता वाहत होता. मिरजेकडून येताना आपलं दुकान उजव्या हाताला. वळायच्या आधी तू अलीकडं पूर्ण मान फिरवून मागं बघायचास. त्या दिवशी का बघितलं नाहीस? कॅरियरवरचा स्पीकर घसरत होता का? की माझ्यावरच्या रागात होतास?

हॉर्न मी ऐकला. ट्रकवाला खोटं बोलत नाही, तीनदा दिला त्यानं. मी आत बसून ऐकला आणि मान वर केली नाही, कारण त्या रस्त्यावर दिवसभर हॉर्नच वाजतात. तुझ्या उजव्या अंगाला, तुझ्या मागं, एवढा मोठा आवाज झाला आणि तुझ्यापर्यंत तो पोचलाच नाही. तुझा डावा कान दुसऱ्या बाजूला, वाऱ्यात. लोक ओरडले तेव्हा मी बाहेर आलो. दवाखान्यात नेताना तू अजून होतास. माझा हात धरला होतास. मी तुझ्याशी बोलत होतो, सारखा बोलत होतो, आणि मिरजेचा चौक ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तुझ्या उजव्या बाजूला बसलोय. सर्जा, मी बाजू बदलेपर्यंत तू गेला होतास.

शिरवळचा तो माणूस परत गेल्यावर आज मला दुकानात बसवेना. फळ्या लावल्या आणि सरळ हॉटेलात गेलो. चार ओळखीचे बसले होते. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, सर्जेराव पीत नव्हता, त्याचा उजवा कान गेला होता, म्हणून हॉर्न ऐकू आला नाही. मग हॉटेलवाला हळूच म्हणाला, "दिगूभाऊ, तुमचं दुक आमाला कळतंय. पर कान गेल्याला मानूस रेडिओ दुरुस्त करतोय व्हय? आख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यासारका कान न्हवता." दुसरा म्हणाला, "गेलं मानूस. झाकायचं कशाला आता?" मी ओरडलो. टेबलावर हात आपटला. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. एकानंही विश्वास ठेवला नाही. तुझं नाव इतकं मोठं करून ठेवलंस की खरं सांगायलाही जागा उरली नाही.

तसाच तुझ्या घरी गेलो. हौसावहिनी दारातच सुपात शेंगा फोडत होत्या. उद्या आण्णा त्यांना गावाकडं नेणार आहे, बांधाबांध झाली होती. मी समोर बसलो आणि गणपतीपासून सगळं सांगितलं. फियाट, उलटं बसणं, सैल वायर. मध्ये एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर पळून आलो असतो.

वहिनींचे हात थांबले नाहीत. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला. म्हणाल्या, "मला ठावं हुतं, भावजी. दिवाळीच्या आदीपास्नं. मी पाट डाव्या अंगाला मांडायची."

मी त्यांना विचारलं, मग तुम्ही मला का नाही सांगितलं?

"त्यांनी आन घातली हुती. दिगूला कळू दिऊ नगंस म्हनायचं. त्येला कळलं तर त्यो माज्याकडं गिऱ्हाईक पाटवायचा न्हाई." वहिनींनी एक शेंग फोडली. "मी लय म्हनलं, आवं, डाक्टराकडं चला. मी बाईमानूस, माजं कवा ऐकलं त्यांनी? तुमचं ऐकलं आसतं. तुमी आपटून धोपटून सांगितलं आसतं तर ऐकलं आसतं."

तेवढ्यात आण्णा मागच्या परड्यातून आला. आल्यापासून तो माझ्याशी धड बोललाच नव्हता. आपल्या भावाला बाटली लावणारा मित्र मीच, असं त्यानं धरलं असावं. वहिनी त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, जे मला सांगितलं ते ह्यास्नी सांगा. माज्या देखत सांगा."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी थोडक्यात. तो पीत नव्हता, त्याला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आण्णा उभा होता. मला वाटलं हा आता हात उचलणार, आणि उचलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "म्हंजे त्यो शुद्धीत हुता?"

"हो," मी म्हणालो. "पूर्ण शुद्धीत होता."

तुझा भाऊ तिथंच उंबऱ्यावर बसला आणि टोपी तोंडावर दाबून मोठ्यानं रडायला लागला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.